सापेक्ष म्हणजे मनमानी नव्हे : वंगणाच्या निवडीतून एक नीतिविचार

एखादी गोष्ट स्वतःच चांगली असते की कशासाठी तरी चांगली असते, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. आणि चांगुलपणा सापेक्ष मानला, की तो ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोपवावा लागेल, ही भीतीही तितकीच जुनी आहे. ही भीती कितपत खरी आहे, हे यंत्राच्या भागांसाठी वंगण निवडण्याच्या व्यवहारात तपासता येते, कारण सर्व यंत्रांसाठी सर्वोत्तम असे एकच वंगण नसते, याविषयी तेथे दुमत नाही.

ही निवड प्रथम श्यानतेवर, म्हणजे द्रवाच्या वाहण्याला त्याच्याच अंतरंगातून होणाऱ्या विरोधावर, अवलंबून असते. हलका भार घेऊन वेगाने फिरणाऱ्या दंडाला पातळ तेल मानवते, कारण दाट तेल तेथे उगाच उष्णता निर्माण करते. उलट, संथ गतीने जड भार वाहणाऱ्या गिअरमध्ये पातळ तेलाचा थर दाबाखाली तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. गंधकयुक्त पूरके पोलादाशी रासायनिक संयोग पावून त्यावर संरक्षक थर तयार करतात, परंतु त्यांतील तीव्र पूरके तापमान वाढल्यावर वर्म गिअरच्या कांस्य चक्राला खातात. म्हणजे एका धातूला तारणारा गुणच दुसऱ्याच्या बाबतीत दोष ठरतो. प्रमाणाचेही तसेच आहे : बेअरिंगमध्ये ग्रीस कमी पडले तर ते झिजते आणि ठासून भरले तर ग्रीस घुसळले जाऊन ते तापते.

येथे योग्यता पूर्णपणे सापेक्ष आहे, तरीही ती कोणाच्या मतावर अवलंबून नाही, कारण चुकीचे तेल घालणाऱ्याची श्रद्धा कितीही दृढ असली तरी बेअरिंग जळायचे ते जळतेच. ॲरिस्टॉटलने सद्गुणाचा मध्य सांगताना हाच भेद केला : मायलो या मल्लाला जो आहार अपुरा, तोच व्यायामाला नुकत्याच लागलेल्या माणसाला जास्त होतो, पण दोघांच्याही बाबतीत योग्य आहार मनमानीने ठरत नाही. चरकसंहितेतही कोणतेही द्रव्य औषध होऊ शकते असे मानले आहे, मात्र त्याला युक्तीची, म्हणजे विचारपूर्वक केलेल्या योजनेची, आणि प्रयोजनाची अट घातली आहे.

या दृष्टांताची मर्यादा मात्र प्रयोजनाशीच येऊन थांबते. यंत्राचे प्रयोजन बाहेरून ठरते. पाण्याच्या पंपाला आणि रणगाड्याला वंगण तितक्याच अचूकपणे निवडता येते, पण त्यांपैकी काय चालवावे, हे वंगणशास्त्र सांगू शकत नाही. म्हणून साधनांची योग्यता सापेक्ष असूनही वस्तुनिष्ठ असते, हे मान्य करावे लागते. साध्याची योग्यता मात्र त्यावरून सिद्ध होत नाही, ती स्वतंत्र विवेकानेच तपासावी लागते.