हलाहलाचा वाटा

माझं माहेर नेवाशाचं. मोहिनीराजाच्या गावात वाढलेल्या पोराला समुद्रमंथन वेगळं शिकवावं लागत नाही. विष्णूने मोहिनीरूप घेऊन अमृत वाटलं ते इथेच, म्हणून प्रवरा ही अमृतवाहिनी. रांगेत चोरून बसलेल्या राहूचं नाव राहुरीला चिकटलं, असंही सांगतात. पुढे माती तपासण्याच्या नोकरीत आयुष्य गेलं आणि मला अमृतापेक्षा हलाहलाचीच काळजी जास्त वाटू लागली.

मंथन म्हणजे करारच की! देव एका बाजूला, दैत्य दुसऱ्या बाजूला, मधे वासुकीचा दोर. हल्ली ज्याला सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणतात, ती याहून फार वेगळी नसते. बोलणी झाली ती अमृताची. विष आधी निघालं, तेव्हा दोन्ही पक्ष मागे सरले आणि ते प्यायला कोण पुढे आलं? करारात ज्याचं नावच नव्हतं, तो महादेव.

आमच्या जिल्ह्यात हे मंथन शंभर वर्षं चाललंय. 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, सरकारी. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला, खासगी. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला. अमृत निघालं, यात शंका नाही. चार पैसे आले, शाळा-कॉलेजं निघाली. मीही त्याच पैशावर शिकले.

आता खाराचा हिशेब बघा. पाटाचं पाणी गोड लागतं, तरी लिटरमागे 200 मिलिग्रॅम क्षार धरायला हरकत नाही. एक हेक्टर उसाला वर्षाला 20 हजार घनमीटर पाणी दिलं, तर त्याबरोबर 4 टन क्षार शेतात उतरतात. ऊन पाणी उडवून नेतं, क्षार मागे ठेवतं. काळ्या जमिनीला निचरा कमी. भूजल वर चढलं की खार मुळाशी येतो. आधी रान चिबड होतं, मग पांढरं पडतं. काही ठिकाणी सोडियम वाढून जमीन चोपण होते. तिथे जिप्सम टाकायचं, हिरवळीचं खत गाडायचं, चर खणायचे. सच्छिद्र पाइप पुरून खारं पाणी बाहेर काढण्याचं काम शिरोळच्या दत्त कारखान्याने शेतकऱ्यांना बरोबर घेऊन केलंय, आणि पडीक रानं पुन्हा पिकली आहेत.

पण बाहेर काढलेला खार जातो कुठे? ओढ्याला, ओढ्यातून प्रवरेला, प्रवरासंगमला गोदावरीला, तिथून पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीत. भंडारदरा, निळवंडे, मुळेतून जायकवाडीला किती टीएमसी सोडायचं, यावरून आम्ही रस्ते अडवतो, कोर्टात जातो. 2005 च्या कायद्याने समन्यायी वाटप आणलं ते पाण्याचं. किती टन खार खाली गेला, हे मी अजून एकाही मोर्चाच्या फलकावर वाचलेलं नाही.

ऑस्ट्रेलियातल्या हंटर नदीवर हा हिशेब मांडला गेलाय. तिथे कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्रं यांचं खारं पाणी नदीत जाई, शेतकरी ओरडत. 1995 पासून प्रयोग झाला, 2002 मध्ये नियम झाले: खार सोडण्याचे एकूण 1000 हक्क, तेही विकत घेता-देता येणारे. नदी आटलेली असली की कोणीही काही सोडायचं नाही. पाणी भरपूर असलं, तरच ज्याच्याकडे जितके हक्क तितका खार.

माझा मामेभाऊ कीर्तन करतो. तो म्हणाला, “ताई, हे पाप करायचा परवाना विकणंच झालं.” मला तसं वाटत नाही. पाप होतच होतं. इथे निदान ते वहीत चढलं. चित्रगुप्ताचं काम माणसांनी अंगावर घेतलं, यात अधर्म कसला? माझी शंका वेगळी आहे. तोच कोळसा रेल्वेने न्यूकॅसल बंदरात जातो, जहाजांतून परदेशी. खाणवाले, रेल्वे आणि बंदर एकत्र बसून गाड्यांचं वेळापत्रक जुळवतात. खाराची वही नदीकाठी मिटते. तो कोळसा जळून होणाऱ्या धुराला त्या वहीत पान नाही. महादेव पुन्हा कराराबाहेरच.

भाऊ म्हणतो, महादेवाने विष आपखुशीने घेतलं. मान्य, पण देवांनी जाऊन त्याची विनवणी तरी केली होती. पैठणच्या माणसाला आम्ही विचारलंय का?

आमच्या सामाईक दोन एकरांत पाइप पुरायचे ठरले, तेव्हा मी अट घातली: पाइपाच्या तोंडाला झडप बसवायची, आणि ती ओढा पावसाने वाहता असेल तेव्हाच उघडायची. खाली शेजाऱ्याची विहीर आहे. भाऊ आधी हसला, मग गप्प झाला, कारण त्याच्या ध्यानात आलं: उन्हाळाभर झडप बंद राहिली, तर खार आमच्याच मुळाशी थांबणार. मग त्या रानात ऊस घेता येणार नाही. खरिपाचं पीक काढून जमीन मोकळी ठेवावी लागेल. ऊस सोडायला तो अजून तयार नाही. झडपेचे पैसे मात्र त्याने दिलेत.