पात्र

मराठीत ‘पात्र’ म्हणजे भांडे, नाटकातली व्यक्ती आणि लायक माणूसही. बेंगळुरूत भाषांतराची कामे करताना मी बेळगावकडून कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेल्या मराठी कुटुंबांना कन्नड-इंग्रजी कागद समजावून देते. तिथे हा शब्द दोनदा भेटतो. रुग्णाचे शरीर शस्त्रक्रियेला पात्र आहे का, हे डॉक्टर ठरवतात. रुग्ण योजनेला पात्र आहे का, हे खिडकीवर ठरते. पहिला प्रश्न हृदय-फुफ्फुसांचा, दुसरा शिधापत्रिकेचा. थकलेल्या घरच्यांना मात्र दोन्हींचे उत्तर एकच ऐकू येते : ऑपरेशन होणार नाही.

‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेषेवरच्यांना सरकारी दराच्या ३० टक्के, तेही दीड लाखापर्यंत. खासगी विमा उतारवयात घेतला, तर आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ. गाठ तीच, वय तेच, वाटा वेगळ्या.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ ॲलन विल्यम्स यांनी १९९७ मध्ये वयाच्या बाजूने एक युक्तिवाद मांडला. आयुष्य हा डाव मानला, तर ज्याला पुरेसा खेळायला मिळाला, त्याच्यापेक्षा ज्याला मिळाला नाही त्याचा हक्क मोठा. मला तो पटत नाही. माणसाचे उरलेले दिवस त्याला किती मोलाचे आहेत, हे झालेल्या दिवसांवरून कळत नाही. पण त्यात एक प्रामाणिकपणा आहे. नियम उघड आहे आणि सर्वांना सारखा आहे. आपल्याकडे नाव वयाचे आणि निर्णय कार्डाचा. बहात्तरीचे निवृत्त अधिकारी ‘अजून खणखणीत’ असतात. बहात्तरीच्या मोलकरीण आजींना ‘या वयात कशाला त्रास’ म्हटले जाते.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजना खुली केली. अशा योजनांनी फरक पडतो. कर्नाटकातल्या वाजपेयी आरोग्यश्री योजनेवरचा, २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला अभ्यास सांगतो की, योजनेतल्या गावांत गरीब घरांमधले, योजनेत बसणाऱ्या आजारांचे मृत्यू शेजारच्या योजनेबाहेरच्या गावांपेक्षा बरेच कमी होते. तरीही एकोणसत्तरीचे काय? आणि आयुष्मान योजना दाखल होण्याआधीचे ३ आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस धरते. बायोप्सी, स्कॅन, बेंगळुरूच्या खेपा, खोलीभाडे हे बहुधा त्याआधीच सुरू झालेले असते. गाठ मात्र थांबत नाही. आज काढता येणारी काही महिन्यांनी येईलच असे नाही.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो म्हाताऱ्यांचा स्वतःचा नकार. “माझ्यावर कशाला खर्च? नातीच्या कॉलेजला ठेवा.” आपण त्याला समाधान म्हणतो, पिकल्या पानाचे शहाणपण म्हणतो. तसे असेलही. शस्त्रक्रिया नको म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि कधी तेच शहाणपणाचे असते. पण ज्याने बिलाचा आकडा आधी ऐकला, त्याचा नकार निव्वळ त्याचा उरत नाही. त्यात कार्डही बोलत असते.

म्हणून प्रश्नांचा क्रम ही मला नीतीचीच बाब वाटते. आधी विचारावे : तुम्हाला काय हवे आहे? मग : शरीर काय पेलेल? कार्ड कोणते, हे शेवटी. आणि ते विचारायचे पैसे कुठून आणायचे हे ठरवण्यासाठी, माणूस पात्र आहे का हे ठरवण्यासाठी नव्हे.