आधी केबल, मग नाना पेठ

"क्लचच्या प्लेटा नकली निघाल्या, सर." गाडी स्टँडवर लावायच्या आधीच निकाल तयार! नाना पेठेतला दुकानदार चोर, माल दोन नंबरचा, आणि तू तेवढा बिचारा. बस तिथे स्टुलावर. आज जरा वेळ लागणार आहे.

गाडी कुणाची? सासवडकडच्या शेतकऱ्याची. सकाळी अंजिराचे क्रेट लादून मार्केट यार्डात येतो, परतताना मागे पेंडेचं पोतं बांधतो आणि वडकीवरून दिवे घाट चढतो. त्यानं तुला काय सांगितलं होतं? "घाटात गाडी नुसती ओरडते, चढत नाही." इतकी नेमकी तक्रार शिकलेली माणसंसुद्धा करत नाहीत. आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, म्हणजे इंजिन जोर लावतंय पण तो चाकापर्यंत पोचत नाही. इंजिनच बसलं असतं तर ते चढावर दबलं असतं, ओरडलं नसतं. ब्रेक चिकटत असता तर ड्रम तापला असता. स्प्रॉकेटचे दात गेले असते तर चेननं खटके दिले असते. गिऱ्हाइकानं अर्धं निदान फुकटात हातावर ठेवलं. उरलेलं अर्धं तू करायचं होतंस. तू काय केलंस? सरळ उजवीकडचं कव्हर खोललंस.

गाडी चालवून पाहिलीस? नाही ना. सपाट रस्त्यावर टॉप गिअर टाकायचा, चाळीसच्या आसपास वेग धरायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम पिळायचा. क्लच धड असेल तर आवाज आणि वेग बरोबरीनं चढतात. सरकत असेल तर आवाज आधी उडतो आणि वेग मागून येतो. आरपीएमचा काटा असेल तर डोळ्यांना दिसतं, नसेल तिथे कान वापरायचे. वरच्या गिअरमध्ये चाकाचा विरोध क्लचवर जास्त येतो, म्हणून हा दोष तिथे आधी उघडा पडतो. पहिल्या गिअरमध्ये गल्लीत एक फेरी मारून "ओके आहे" म्हणणं ही चाचणी नव्हे. आणि हो, जुन्या बुलेटची किक मारून क्लच ओळखतात ते ऐकून इथे तेच करू नकोस. त्या बुलेटची किक गिअरबॉक्समधून क्लचमार्गे इंजिनाला पोचते, म्हणून क्लच सरकला की पाय सरळ खाली जातो. पुष्कळ गाड्यांत किक क्लचच्या बेलमार्फत लागते. तिथे किक घट्ट लागेल आणि क्लच तरीही गेलेला असेल.

आता मला ही केबल दाखव. लिव्हरला बोट लाव. ढील किती आहे? काहीच नाही! पुस्तकात काय लिहिलंय? बहुतेक रोजच्या गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी दहा ते वीस मिलिमीटर मोकळी चाल लागते, आणि ज्या गाडीचं माप वेगळं तिचं पुस्तक उघडून बघायचं. इथे तर लिव्हर हात लावताच लागते. वर हँडल डावीकडे पूर्ण वळवून बघ, केबल आणखी ताणली जाते. म्हणजे हा माणूस लिव्हरला हातसुद्धा न लावता दिवसभर हाफ क्लचवर गाडी चालवतोय. स्प्रिंगा प्लेटांना पुरत्या दाबूच शकत नाहीत.

आणि ही केबल ताणली कुणी? तूच. "गिऱ्हाईक म्हणालं लिव्हर ढिली वाटते, म्हणून टाईट करून दिली." गिऱ्हाइकाला वाटेल, तुला वाटून चालत नाही. वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं की प्लेटा झिजल्या की प्रेशर प्लेट आत बसत जाते आणि बहुतेक मोटरसायकलींत लिव्हरची ढील कमी होत जाते. केबल लांबली की ढील वाढते, प्लेटा झिजल्या की घटते. दोन्ही गोष्टी एकाच लिव्हरवर दिसतात, म्हणून आधी बघायचं, मग चेकनटला पाना लावायचा. लिव्हरपाशी एक अ‍ॅडजस्टर आहे, इंजिनाजवळ दुसरा आहे. पाच मिनिटांचं काम. तेवढं आधी करून गाडी घाटात नेली असतीस तर कदाचित कव्हरला हात लावायची वेळच आली नसती.

थांब, अजून संपलं नाही. तेल कुठलं टाकलंस? डबा आण. नुसतं टेन-डब्ल्यू-थर्टी काय सांगतोस, डबा फिरवून पाठीमागची चौकट वाच. जासो एमबी. हे गिअर नसलेल्या स्कूटरचं तेल आहे. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच मागच्या चाकापाशी, इंजिनच्या तेलाबाहेर, कोरडा फिरतो. त्यामुळे तिच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असली तरी बिघडत नाही. या मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला आहे ज्यात पिस्टन आणि गिअर चालतात. इथे एमए किंवा एमए-टू लागतं. मोटारींसाठी इंधन वाचवणारी गुळगुळीत तेलं निघाली आणि मोटरसायकलींचे ओले क्लच सरकायला लागले, म्हणून तर जपान्यांनी १९९८ साली हे वेगळं मानक काढलं. पातळपणाचा आकडा दोन्ही डब्यांवर एकच असू शकतो. तो आकडा क्लचबद्दल काही सांगत नाही.

सगळ्यात कमाल म्हणजे पुढचं. कव्हर खोलायला तेल काढलंस, ते ट्रेमध्ये स्वच्छ दिसलं, आणि पैसे वाचवायला तेच परत ओतलंस! नव्या कोऱ्या प्लेटा त्याच तेलात घातल्यास. छप्पर गळतंय आणि तू खालची सतरंजी बदलतोयस.

जुन्या प्लेटा फेकल्या नाहीस हे बरं केलंस. आण इकडे. व्हर्निअर लाव. जाडी मर्यादेत आहे, पण तोंडं काळी चकचकीत झालीत. लोखंडी प्लेटांवर हा निळा डाग बघ, तो उष्णतेचा. म्हणजे बदलायच्या होत्याच, ते मी नाकारत नाही. पण त्या झिजून गेल्या नाहीत, जळून गेल्या. कशानं जळल्या हे तू विचारलं नाहीस, म्हणून नव्याही जळल्या. हुंग एकदा, तोच वास आहे. आता सांग, दुकानदार चोर?

स्प्रिंगांची लांबी मोजलीस? नाही. त्यांच्याखाली वॉशर मात्र घातलेस. हा जुगाड कुणी शिकवला? मी नाही. वॉशरनं दाब वाढतो, लिव्हर दगडासारखी जड होते, गिऱ्हाईक हात चोळत बसतं, आणि दोष महिनाभर झाकला जातो. स्प्रिंग मर्यादेपेक्षा आखूड झाली असेल तर पूर्ण सेट बदलायचा. लोखंडी प्लेट काचेवर ठेवून फीलर गेजनं वाक बघायचा. बेलच्या बोटांवर खाचा पडल्यात का हे नखानं तपासायचं. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवायच्या आधी योग्य तेलात मुरवायच्या. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. आणि कव्हर उघडंच आहे तर तेलाची जाळी धुवायची. जळलेल्या प्लेटांचा चुरा तिथेच जाऊन बसतो. ही बघ तुझी जाळी. हे तेल पंपाला पोचायचं कसं?

एक सांगून ठेवतो, कारण चाकणची गाडी आली की तू गोंधळशील. २०१६च्या डिसेंबरात आलेल्या डॉमिनारला स्लिपर क्लच आहे. तो मुद्दाम सरकतो, पण गिअर झटकन खाली टाकल्यावर, मागचं चाक इंजिनाला ढकलायला लागतं तेव्हा. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर तोही सरकत असेल तर तो बिघडलेलाच आहे.

चालवणाऱ्याचा दोष? आहे थोडा. स्वारगेटच्या गर्दीत दोन बोटं लिव्हरवर ठेवून हाफ क्लचवर सरकायचं, चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी धरून ठेवायची, हे निम्मं पुणं करतं. त्याला समजावून सांग. पण तुझं काम नीट झाल्यावर सांग, तक्रारीची ढाल म्हणून नको. त्याच्या गाडीची केबल तू ताणलीस आणि त्याचं तेल तू चुकीचं ओतलंस, हे त्याला आधी सांगायचं. कमी बोललास तरी चालेल, पण एवढं टाळायचं नाही.

आता ऊठ. सगळं तेल काढ, जाळी धू, वॉशर काढून टाक. स्प्रिंगा आणि बेल मोजून मला लेखी दाखव. दुसऱ्या प्लेटांचे आणि एमए-टू तेलाचे पैसे तुझ्या खिशातून, मजुरी शून्य. केबलला पुस्तकाप्रमाणे ढील दे आणि हँडल दोन्ही बाजूंना वळवून परत तपास. मग पेंडेच्या पोत्याएवढं वजन मागे बांधून दिवे घाट तू स्वतः चढून ये. त्यानंतरच त्याला फोन करायचा.