आधी तारपा

पॅरिसचा चित्रकार फांतँ-लातूर १८७६ साली संगीतकार वाग्नरचं संगीत ऐकायला जर्मनीत बायरॉइटला गेला. त्या संगीतातून त्याला ऱ्हाइन नदीतल्या जलकन्या सुचल्या. शिळेवर तेलकट खडूने काढलेल्या, धुक्यातून वर आल्यासारख्या. बायरॉइटच्या नाट्यगृहात वाद्यवृंद रंगमंचाखाली झाकलेला असतो. जलकन्यांच्या चित्रांतही तो नाही. सूर यावा, वाजवणारा दिसू नये!

पालघरकडे याच्या उलट. वारली चित्रात वाजवणारा मधोमध. दोन त्रिकोणांचं अंग आणि ओठांपासून जमिनीकडे झुकलेला तारपा. त्याच्याभोवती हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांची साखळी शंखासारखी वळत जाते. नाचताना तारप्याकडे पाठ करायची नसते.

तारपा म्हणजे वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सांध्यांना मेण. वाजवणारा नाकाने श्वास घेत राहतो, सूर तुटू देत नाही. मग चित्रातली साखळी तरी कशी तुटेल?

वारल्यांच्या लग्नघरातही गाणं लागतंच. लग्न लावणारी धवलेरी गाते, सवाशिणी तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात. देवीला बोलावतं ते गाणं. चौक तिला बसायला.

गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात वारली चित्र कागदावर, कापडावर आणलं. भिंत सुटली, मुहूर्त सुटला. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तारपा मात्र त्यांच्या हातून सुटला नाही.

आता बोईसरला सोसायटीच्या फाटकावर, हॉटेलच्या भिंतीवर तारपा-नाच असतो. पुष्कळदा वाजवणारा कोपऱ्यात, आणि साखळी सरळ रेषेत, साडीला किनार लावावी तशी. वळायला जागा नव्हती, असं सांगतात. जागा होती. सूर ऐकलेला नव्हता.

नक्कल वाईट नाही; फांतँनेही दुसऱ्याच्याच सुरांवर चित्रं केली. पण तो आधी ऐकायला गेला होता.

भिंत रंगवून घेणाऱ्यांनो, भातकापणीच्या हंगामात जव्हार-डहाणूकडच्या एखाद्या पाड्यावर तारपा ऐकून या. रंगाऱ्यालाही सोबत न्या. त्याचा दर त्यानंतर ठरवा, आणि तारपा वाजवणाऱ्याची बिदागी त्याच हिशेबात धरा.