खरबूज, गोळी आणि सद्सद्विवेकबुद्धी

मी स्वभावाने अत्यंत अहिंसक मनुष्य आहे. झुरळ दिसलं तर मी चप्पल उचलत नाही. सौभाग्यवतींना हाक मारतो. असा मी रात्री जेवणखाण आटोपून, डोक्याखाली दोन उशा घेऊन, पानामागून पान खून वाचत पडतो आणि वर मला गाढ झोप लागते. याला काय म्हणावं?

बरं, नुसतं वाचतो असंही नाही. चक्क खुन्याची बाजू घेतो! फ्रेडरिक फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ ही १९७१ सालची कादंबरी घ्या. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारण्याची सुपारी एका इंग्रजाने घेतली आहे. कथेतला काळ १९६३ चा. आता, द गॉल १९७० साली, वयाच्या ७९ व्या वर्षी स्वतःच्या घरी वारले, हे जगजाहीर. रहस्यकथेचा शेवट फोडणाऱ्या मेहुण्याला आपण जन्मभर क्षमा करत नाही. इथे तर खुद्द इतिहासानेच शेवट फोडलेला! तरी घशाला कोरड पडते ती पडतेच.

त्यातला माझा लाडका प्रसंग खरबुजाचा. हा गृहस्थ आर्देनच्या जंगलात जातो, माणसाच्या डोक्याएवढं खरबूज झाडाला टांगतो आणि लांबून नेम धरतो. गोळी झाडायची, जाऊन बघायचं, दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा झाडायची. शेवटी स्फोटक गोळीने खरबुजाच्या चिंधड्या. प्रसंगात कोणाच्या केसालाही धक्का लागत नाही. एका फळाचं नुकसान, बस्स! मग अंगावर काटा का येतो?

तुम्ही म्हणाल, भीतीने. मला वाटतं, कौतुकाने! आमच्याकडे नळ दुरुस्त करायला येणारा पाना विसरून येतो आणि तो आणायला जातो तो दुसऱ्या दिवशी उगवतो. अशा जगात एक माणूस हातातलं काम इतकं मन लावून करतोय म्हटल्यावर आमचा जीव तिथेच विरघळतो. काम कसलं, हा प्रश्न मागाहून येतो. कधीकधी येतच नाही.

हिचकॉकने हे ओळखलं होतं. त्याच्या ‘सायको’मध्ये (१९६०) खून लपवण्यासाठी मोटार दलदलीत ढकलतात. ती बुडता बुडता मध्येच थांबते. आणि थिएटरातली पापभीरू माणसं मनात म्हणतात, ‘बुड गं बाई एकदाची!’

अ‍ॅरिस्टॉटलच्या मते शोकांतिकेने भीती आणि करुणा यांचं विरेचन होतं. विरेचन म्हणजे साध्या मराठीत एरंडेल. पण एरंडेल घेतलेला माणूस दुसऱ्या रात्री ‘आणखी एक चमचा’ म्हणून मागत नाही. मी मागतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या काही पोट साफ व्हावं म्हणून कोणी वाचल्या नाहीत.

माझ्या मते आपल्याला दोन्ही हवं असतं. मारेकरी खिडकीपर्यंत पोचावा आणि म्हातारा वाचावा. फोर्सिथ दोन्ही देतो. चाप ओढला जातो, आणि नेमक्या त्याच क्षणी द गॉल एका जुन्या सैनिकाच्या गालाचा मुका घेण्यासाठी वाकतात. गोळी हुकते. सगळी तयारी केलेल्या इंग्रजाने फ्रेंचांची ही एवढी सवय तेवढी हिशेबात धरलेली नसते. माणसाच्या मायेने वाकण्यावर नेम बसत नाही, हे वाचून मला हायसं वाटतं. आपली लाज राखली गेली म्हणूनही.

कारण पुस्तकात लेखक आपल्या वतीने नीतीचा पहारा करतो. बाहेर तो नसतो. बाहेरही चोख, शिस्तीची, वक्तशीर माणसं येतात. आपण टाळ्या वाजवतो, ‘काय झपाटा आहे!’ म्हणतो. तेव्हा फक्त एवढं विचारायला हवं की साहेब, स्क्रू छान फिरवता, पण खरबुजाच्या जागी उद्या कोणाचं डोकं येणार आहे?