जपावी की पळवावी?

वस्तू जपावी की वापरावी, हा वाद आपल्याकडे ट्रंकेतल्या पैठणीवरून होतो. अमेरिकेत तो मोटारीवरून होतो. टेस्ला कंपनीने 2008 ते 2012 या काळात रोडस्टर नावाची विजेवर पळणारी दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार काढली. साऱ्या जगात मिळून सुमारे 2,450. साहजिकच संग्राहकांचा तिच्यावर डोळा!

अशा गाडीचा विमाही निराळा. साध्या गाडीचा चुराडा झाला, की विमा कंपनी घसारा कापून पैसे देते. इथे मूल्यमापक येऊन कागदपत्रं, मैल आणि बॅटरीची तब्येत बघतो, आणि मालक व कंपनी रक्कम आधीच ठरवून टाकतात. अगदी लग्नाची याद्यांची बैठक! अट मात्र बहुधा अशी, की गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. म्हणजे पळायला जन्मलेल्या गाडीने मानाने बसून राहायचं.

पण तिच्या पोटातले 6,831 सेल वापरले तरी म्हातारे होतात, नाही वापरले तरी होतात. आणि वय झाल्याची भरपाई विमा देत नाही. न वापरल्यामुळे हुकलेल्या आनंदाची तर नाहीच नाही.

2018 साली इलॉन मस्क यांनी आपली रोडस्टर अंतराळात धाडली. तिथे ट्रॅफिक नाही, ओरखडे काढणारी शेजाऱ्यांची पोरं नाहीत. फक्त स्टिअरिंगपाशी बसलाय तो पुतळा. गाडी नुसती जपणाऱ्या मालकात आणि त्याच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.