सहा मिनिटं

पुण्यात वारज्याच्या एका वस्तीत राहणारे गणपतराव एका खासगी इंग्रजी शाळेची बस चालवत. मुलांचे ते बसकाका. त्यांची मुलगी मनीषा त्याच शाळेत पहिलीला लागली, ती शिक्षण हक्क कायद्याच्या सोडतीतून. २००९ चा हा कायदा सांगतो, की खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. त्यांची फी सरकारने शाळेला द्यायची. ती वेळेवर मिळत नाही, ही शाळांची ओरड खोटी नाही. पण तो पोवाडा वेगळा.

ते वर्ष होतं २०२४. फेब्रुवारीत सरकारने अधिसूचना काढली, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने ही मुलं घ्यायची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलैला ती रद्द केली. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. मनीषा वर्गात आली तेव्हा वह्यांना कव्हरं घालून झाली होती, मैत्रिणी ठरल्या होत्या आणि बसचे मार्गही.

बसची फी वेगळी. ती सरकार देत नाही आणि गणपतरावांना झेपत नव्हती. घर शाळेपासून अडीच किलोमीटर. मनीषा आजीचं बोट धरून चालत निघे आणि बापाची पिवळी बस शेजारून निघून जाई. पहिले दोन दिवस तिने हात केला. मग आजी तिला मागच्या गल्लीने नेऊ लागली.

“काका, मनू चाललीये. थांबा ना,” बसमधला एक मुलगा म्हणाला.

“नियम नाही बाळा.”

मुलाने घरी सांगितलं. पालकसभेत त्याची आई उठली. “आपण चार-पाच जणी मिळून मनूची बसची फी भरू या.” टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी गणपतरावांना आत बोलावलं. आता हे हात जोडतील, असंच सगळ्यांना वाटलं.

“ताई, तुमचं मन मोठं आहे,” गणपतराव म्हणाले. “पण एकट्या मनूचं नको.”

“का हो?”

“आमच्या वस्तीतली अजून सहा पोरं याच शाळेत चालत येतात. मनू चढली तर ती खिडकीतून त्यांना बघणार. आणि उद्या तुमची बदली झाली, की तिने परत उतरायचं?”

“म्हणजे सातही जणांना फुकट?” एक गृहस्थ म्हणाले. “आधीच आमच्या फीवर शिकताहेत.”

कोण कुणाच्या पैशावर शिकतं, हा हिशेब जुना आहे. रयतेच्या घामाचा महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलं होतं. गणपतरावांना ते ठाऊक असेल-नसेल. त्यांच्याजवळ आपल्या बसचा हिशेब होता.

“साहेब, बेचाळीस सीटा आहेत. एकतीस पोरं बसतात. अकरा सीटा मी रोज रिकाम्या फिरवतो. डिझेल तेवढंच जातं.”

सभा स्नेहसंमेलनाच्या विषयाकडे वळली.

त्या मुलाच्या आईंना मात्र राग आला होता. पुढे केलेला हात कुणी नाकारला की झोंबतंच, आणि मदत करणाऱ्याला तर जास्तच. ‘यांचं भलं करायला जावं, तर हे आपल्यालाच शिकवतात,’ असं त्या घरी बोलूनही गेल्या. पण चार दिवसांनी मुलाला सोडायच्या निमित्ताने त्या स्वतः बसमध्ये चढल्या आणि शाळेपर्यंत सीटा मोजत गेल्या. अकराच निघाल्या. मग त्यांनी अर्ज लिहिला. मनूच्या फीचा नव्हे, वस्तीच्या कोपऱ्यावर थांबा द्या आणि रिकाम्या जागी मुलांना बसू द्या, असा. बऱ्याच पालकांनी सह्या केल्या, काहींनी चहा पाजून टाळलं. विश्वस्तांनी ‘एकाला दिलं की सगळे मागतील’ हे पालुपद दोन बैठका चालवलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर थांबा झाला. सातही मुलं चढू लागली. त्यासाठी बस सहा मिनिटं लवकर निघू लागली आणि आठवड्याच्या आत एक पालक तक्रार घेऊन मुख्याध्यापिकाबाईंसमोर हजर झाले: मुलाची झोप पुरी होत नाही.

बाईंनी रजिस्टरमधून मान वर केली. “मग रात्री सहा मिनिटं लवकर झोपवा.”